मागून रेटणारा माणूस

भाजलेल्या कॉफीचा आणि उन्हात वाळणाऱ्या ओल्या लाकडाचा वास एकत्र आला, की आल्प्सच्या पायथ्याचं एक लहानसं स्टेशन माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि त्याच्या फलाटावर कप हातात धरून, निघून गेलेल्या गाडीच्या दिशेने पाहत असलेले आम्ही दोघे लोणावळेकर.

मी आणि कासम तेव्हा इंग्लंडात शिकत होतो. मी वैद्यक, तो यंत्रविद्या. लोणावळ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो, आणि ईस्टरच्या सुट्टीत युरोप पाहायला निघालो तेही त्याच बाकावरच्या उनाडपणाने. आनंद अंगात मावत नव्हता. पॅरिसमध्ये तीन दिवस आम्ही चाललो, नुसते चाललो, चेस्टनटच्या कोवळ्या पालवीतून झिरपणारं पोपटी ऊन नदीच्या पाण्यावर हलताना पाहून कासम म्हणाला, "बापू, परीक्षा झाली की इकडंच कुठंतरी नोकरी धरावी." स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलचा तांबूस दगड मावळतीला आतून तापल्यासारखा दिसत होता. झुरिकचं तळं पाहून मात्र आमच्या लोणावळ्याच्या वळवण धरणाचं पाणी काही वाईट नाही, असं आम्ही एकमताने ठरवून टाकलं.

पण कासमचा खरा जीव पुढच्या घाटात अडकला होता. त्याचे वडील, आमचे दाऊदभाऊ, बोरघाटातल्या बँकरवर होते. चढावर गाडीला मागून रेटणारं जे इंजिन, त्याला आमच्याकडे बँकर म्हणतात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्यात कोळसा मारला होता. आता घाटात विजेच्या तारांचे खांब उभे राहत होते, आणि वीज आली की मागचं इंजिनही जाणार आणि त्यावरची माणसंही, अशी वदंता होती. कासम बोटीवर चढायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तितल्या घाटात इजेच्या गाड्या चढत्यात म्हनं. त्यास्नी मागून रेटाया मानूस लागतो का न्हाई, तेवढं डोळ्यानं बघ आन् मला लिव."

म्हणून त्या पायथ्याच्या स्टेशनात आमची गाडी थांबली, समोर बर्फाच्या कडा उन्हात झगझगू लागल्या, आणि आम्ही निर्धास्तपणे खाली उतरलो. समोर चढ आहे आणि गाडी थांबली आहे, म्हणजे मागे इंजिन लागणार, धक्का बसणार, ब्रेक तपासले जाणार. निदान पाव तास आपला. घाटाखाली कर्जतला बँकर लागेपर्यंत असा पाव तास मिळत असताना खाली उतरून चहा न पिणारा माणूस लोणावळ्याचा असूच शकत नाही. आम्ही कॉफी मागवली, साखर ढवळली, आणि गाडी शिट्टीचा आवाजही न करता आमच्या बॅगा, टोप्या आणि माझा ओव्हरकोट घेऊन सरळ डोंगरात शिरली.

मला हसू आवरेना. कासम हसला नाही. तो शेवटच्या डब्याकडे पाहत होता.

"मागं कुणी नव्हतं, बापू," तो म्हणाला. "अब्बांना आता काय लिहू?"

दीड तास आम्ही बाकावर बसून काढला. बर्फ वितळून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज चहूकडून येत होता, पक्षी ओरडत होते, आणि इतक्या सुंदर सकाळी माझा मित्र आपल्या बुटांकडे पाहत होता याचं मला फार वाईट वाटलं. मग एक लांबलचक, जडशीळ गाडी कुरकुरत आली. पुढे मालाचे डबे, शेपटाला प्रवाशांचे दोन. आम्ही शेवटच्या डब्यात बसलो, आणि पाठीला एक धक्का बसला. बालपणापासून ओळखीचा, मऊ, दमदार धक्का.

कासम ताडकन उठून मागच्या दाराच्या काचेकडे धावला. दोन हातांच्या अंतरावर एक तपकिरी इंजिन होतं. ना धूर, ना कोळसा. पण त्याच्या काचेमागे मोठ्या मिशांचा एक प्रौढ गृहस्थ पाव खात बसला होता.

"माणूस आहे," कासम म्हणाला, आणि त्याने त्याला चक्क सलाम ठोकला. तो गृहस्थ गोंधळला, मग पाव खाली ठेवून त्याने टोपी उचलली. तो सगळा चढ आम्ही मागे तोंड करून चढलो. दरी खाली उलगडत गेली, आणि वळणावळणाने एकच पांढरं चर्च तीनदा दिसलं, आधी डोक्यावर, मग समोर, मग पायांखाली. मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटत होतो.

वर पोचल्यावर इंजिन सुटलं. मी बोगद्याचं तोंड पाहायला पुढच्या खिडकीशी गेलो. कासम काचेपाशीच थांबला. मिलानला आमच्या बॅगा सुखरूप मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कबुतरांच्या गर्दीत बसून त्याने वडिलांना चार पानं लिहिली. पुढे व्हेनिसमध्ये तो दिवसभर गात हिंडला.

इंग्लंडात परतल्यावर काही दिवसांनी, एकाच सकाळी, त्याला दोन पत्रं आली. एक होतं नोकरीसाठी भेटायला बोलावणारं, तिथल्याच एका कारखान्याचं. दुसरं लोणावळ्याचं, अक्षर मास्तरांचं, बोल दाऊदभाऊंचे. 'मानूस लागतो हे वाचून जीव भांड्यात पडला. पन वर गेल्याव त्यो मानूस फुडं जातो का परत खाली येतो, ते लिवायचं राह्यलं तुजं.'

"खाली येतो, असं लिही की," मी म्हणालो. "तू तर पाहिलंयस."

"ते त्यांना ठाऊक आहे रे," कासम म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं तेच करतायत. त्यांनी विचारलंय ते वेगळंच."

त्याने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि पेन उघडलं. मला तेव्हा आठवलं, मी बोगद्याकडे पाहत असताना तो मागच्या काचेपाशी एकटाच उभा होता, उताराला लागलेलं ते इंजिन दिसेनासं होईपर्यंत.