आठ पाती की बारा?

टिल्लू साहेब मांडीपर्यंत भाताच्या तुसात रुतले होते. तशा अवस्थेतही त्यांनी मला विचारलं, "मिसेस साठे, आता तुम्ही 'आठ' म्हणणार, नाही का?"

"हो सर. आठच."

"किसनने गाडी वाकडी उभी केली होती," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. किसनने आणि मी त्यांना ओढून बाहेर काढलं. उजवा बूट आतच राहिला.

रोहन, तारा, तुम्ही फोनवर विचारलंत की वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवायला पॅडल टायर आठ पात्यांचा घ्यावा की बारा. दुकानदार बाराचा घ्या म्हणतो. तुमच्या आईला वाटलं, हे आजीला काय विचारता. पण आजी पिरंगुटच्या एका रबर कारखान्यात केमिस्ट होती, आणि ऐंशीच्या दशकात हाच प्रश्न तिच्यासमोर मुळशी तालुक्यात आला होता. तिथे वाळूची टेकडी औषधालाही नाही.

आधी टायर समजून घ्या. साध्या टायरला नक्षी असते, ती रस्ता धरते. वाळू धरता येत नाही. ती वल्ह्याने पाणी लोटावं तशी मागे लोटावी लागते. म्हणून या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्यावर रबराची आडवी, उभट पाती असतात, पसरट ओंजळीसारखी. चाक फिरलं की प्रत्येक पातं ओंजळभर वाळू मागे फेकतं आणि गाडी पुढे जाते.

आम्ही तोवर रबरी चटया आणि मशिनखाली घालायचे बफर बनवत होतो. आखातातल्या एका व्यापाऱ्याने आपली जुनी तीनचाकी गाडी सॅम्पल म्हणून पाठवली. त्या काळी या गाड्यांना तीनच चाकं असत. तिला टायर बनवून दाखवा, पसंत पडले तर ऑर्डर, असं त्याचं म्हणणं. त्याचा माणूस मिस्टर नायर ट्रायलच्या दिवशी दुपारी येणार होता आणि संध्याकाळच्या आत मुंबईला निघणार होता. हे काम माझ्या नावावर दिलेलं पहिलंच काम. ते गेलं असतं तर मी पुन्हा चटयांचा रंग उतरतो का ते चिंधीने घासून बघत बसले असते.

भांडण मोल्डवरून होतं. मोल्ड म्हणजे टायरचा पोलादी साचा. एकदा कोरला की कोरला, त्यातली पाती मागून कमी करता येत नाहीत. टिल्लू साहेब आमचे मॅनेजिंग डायरेक्टर. त्यांना बारा हवी होती.

"गिऱ्हाईक पाती मोजतं, मिसेस साठे. आठ दिली तर म्हणेल, चार कुठे गेली?"

"सर, इंजिन लहान आहे. पिठल्यात फार मोठा डाव घातला तर पिठलं घोटलं जात नाही, हात थांबतो."

"मी पिठलं करत नाही," साहेब म्हणाले.

शेवटी दोन्ही करून बघायचं ठरलं. झिजलेले टायर घासून त्यांवर पाती चिकटवून भाजली. एक जोडी आठची, एक बाराची. ट्रायलसाठी साहेबांनी ट्रकभर वाळू मागवली. गेटपाशी ओतल्यावर ती आमच्या ओट्याएवढी दिसली, आणि दुसऱ्या दिवशी मांजरांनी तिचा ताबा घेतला.

मग मला हुसेनभाईंची भातगिरणी आठवली. गिरणीमागे तुसाचा, म्हणजे भाताच्या सालीचा, डोंगर साचायचा. वीटभट्टीवाले येऊन नेईपर्यंत तो दुमजली होई. तूस वाळूसारखंच पायाखालून सरकतं. हुसेनभाईंचा रोजा होता, तरी आमच्यासाठी चहा आला. "चालवा की," ते म्हणाले. "फकस्त आग लावू नका."

बाराची जोडी आधी लावली. गाडी चालवायला मोल्डिंग खात्यातला, भरे गावचा किसन होता. त्याने थ्रॉटल दिला, इंजिन धापा टाकून बंद पडलं.

"म्याडम, म्हातारा बैल जुपल्यावानी करतीया."

"घाबरून चालवतोयस," साहेब म्हणाले आणि सफारी सूट सावरून स्वतः बसले. चाकं मंद फिरली. तूस पुढे गेलं नाही, मागे गेलं नाही, फक्त खाली गेलं, आणि त्याबरोबर साहेब. तिथून पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

मग आठची जोडी लावली. "मागे कुणी उभं राहू नका," मी सांगितलं. साहेब एका बुटावर बाजूला झाले. किसन बसला आणि गाडी एका दमात डोंगराच्या माथ्यावर. मागून तुसाचं कारंजं उडालं. ते गिरणीच्या पत्र्यांवरून पलीकडे गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पलीकडे काय आहे हे आम्हाला हुसेनभाईंच्या पत्नी जुलेखाभाभींनी येऊन सांगितलं. ईद जवळ आली होती. हुसेनभाईंच्या अंगणात बाजांवर हातच्या शेवया वाळत होत्या.

भाभी काही ओरडल्या नाहीत. किसनला खाली बोलावलं, गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली.

"भाभी, क्लायंट येतोय," साहेब म्हणाले.

"माझ्याकडं पन पाव्हणं येनार हायेत. त्यास्नी तूस वाढू का?"

"नव्या शेवया आणून देतो."

"बाजारच्या?" भाभींनी बाजांकडे बोट केलं. "समद्या निवडा. मग किल्ली. ताई, तुमी बी बसा."

हुसेनभाई म्हणाले, "मी यात न्हाई," आणि गिरणीत गेले.

आम्ही बसलो. शेवईतून तूस काढायचं म्हणजे एकेक तार सोडवावी लागते, आणि जोर झाला की तार मोडते. साहेबांच्या हातून मोडायच्या. "दमानं, सायेब," भाभी म्हणायच्या, "चटई न्हाई ती."

दोन बाजा उरल्या होत्या तेव्हा नायर आले. मॅनेजिंग डायरेक्टर एका बुटात, मांडीवर सूप घेऊन बसलेले. ट्रायल दाखवता येत नव्हती, आणि नायर घड्याळ बघत होते.

साहेब शेवयाच निवडत राहिले. बोलल्या त्या भाभी. त्यांनी नायरना हाताला धरल्यासारखं अंगणभर फिरवलं. "ह्ये बघा. थितनं उडालं, पत्र्यावरनं आलं, पार न्हाणीपतुर. ह्या यांच्या चाकानं. सांगा तुमच्या शेटला."

नायर अंगण बघत राहिले. पत्र्याकडे पाहिलं, मागे जाऊन डोंगर पाहिला. माथ्यापर्यंत एक सरळ वाट गेली होती आणि तळाशी एक मोठा खड्डा होता.

"ये ऊपर कौन सा टायर गया?"

"आठवाला," मी म्हटलं.

"और ये गड्ढा?"

"सायबांचा," किसन म्हणाला.

नायर साहेबांच्या पायाकडे बघून हसले. साहेब उठले, सूप बाजेवर ठेवलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "आम्ही पहिल्यापासून आठचाच विचार करत होतो. बारा फक्त तुलनेसाठी."

मोल्ड आठचा कोरला गेला, ऑर्डर आली, आणि चटया दुसऱ्या कुणाकडे गेल्या.

ईदला भाभींनी आम्हाला बोलावलं. शिरखुर्मा खाताना साहेबांच्या वाटीत एक तूस निघालं. भाभी समोरच उभ्या होत्या. साहेबांनी ते गिळलं आणि आणखी थोडा मागितला.

तेव्हा मुलांनो, दुकानदाराला आधी इंजिन केवढं आहे ते विचारा. लहान असेल तर आठ घ्या. चढावर मध्येच थांबू नका, कडक रस्त्यावर ही पाती झिजवू नका. आणि थ्रॉटल देण्यापूर्वी मागे वळून बघा, कुणाचं काही वाळत असेल.