घरातलं लिव्हर

माझी काकू फार्मसी कॉलेजात पहिल्या दिवशी वर्गात शिरली, तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅडम!" काकूच्या केसांत एक ठसठशीत पांढरी बट, खांद्याला भलीमोठी पर्स आणि चेहऱ्यावर दोन मुलांच्या दहावीच्या परीक्षा पार पाडल्याचा शीण. पोरांचं काही चुकलं नव्हतं. काकू म्हणाली, "बसा, बसा," आणि स्वतः तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मागाहून खरे सर आले, तेव्हा मात्र कोणीच उठलं नाही. एकदा फसलेली पोरं आता कशी उठणार?

तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'मॅडम'च पडलं. हजेरी घेताना सरसुद्धा कधीकधी चुकून "मॅडम, आपण?" असं विचारायचे.

हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी. काकू त्यांच्याकडे खोकल्याचं औषध आणायला गेली होती. त्यांचा फार्मासिस्ट नुकताच नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे ते येईल त्याच्यापुढे रडगाणं गात होते. "बारावी सायन्स झालीय ना तुमची? मग डिप्लोमा करा आणि या इथे कामाला," ते म्हणाले. बोलायचं म्हणून बोलले बिचारे. काकू खोकल्याचं औषध काउंटरवरच विसरली आणि तडक कॉलेजात चौकशीला गेली.

आमचं घर एकत्र. आजी-आजोबा, आई-बाबा, मी, काका-काकू आणि त्यांची दोन मुलं. काका घड्याळं दुरुस्त करतात. ते डोळ्यावरची भिंगाची नळी न काढताच म्हणाले, "या वयात?" आजोबा म्हणाले, "सूनबाई, आता आपलं औषधं खायचं वय. ती शिकायची कसली?" काकूने दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. तिने वह्यांना कव्हरं घातली.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी आली, म्हणजे औषध अंगात जाऊन काय करतं आणि अंग त्या औषधाचं काय करतं याचं शास्त्र. तिथे काकूचं घोडं पेंड खाऊ लागलं. पाठ केलेलं रात्रीचा भात होईपर्यंत डोक्यातून साफ. परीक्षा तोंडावर आली तशी तिच्या वर्गातल्या दोन मुली दुपारी उजळणीला आमच्याकडे येऊ लागल्या. होस्टेलवर गोंगाट फार, आणि आमच्याकडे चहा फुकट.

एका दुपारी त्यांतली चष्मेवाली 'फर्स्ट पास'वर अडली. गोळी पोटात गेली की थेट अंगभर फिरत नाही, आधी लिव्हरमधून जाते आणि तिथे तिचा बराचसा भाग खर्ची पडतो, एवढंच ते आहे. पण पुस्तकात ते अशा भाषेत लिहिलं होतं की वाचणाऱ्याचंच लिव्हर खर्ची पडावं.

काकूने इकडेतिकडे पाहिलं. बैठकीत दाराशीच आजोबा पेपरात तोंड खुपसून बसले होते. ती आवाज खाली करून म्हणाली, "हे बघ, आमच्या घरात कोणी बिस्किटांचा डबा घेऊन आलं की तो आधी आमच्या बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात पडतो. ते झाकण उघडतात, 'बघू, मऊ पडलीत का,' म्हणतात. आत मुलांपर्यंत डबा येतो तेव्हा अर्धाच असतो. तो डबा म्हणजे गोळी आणि बाबा म्हणजे लिव्हर."

दोघी मुली टेबलावर डोकं ठेवून हसल्या. हसतानाच चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, कळलं हो! आता मेले तरी विसरणार नाही."

मग काय, गाडी सुसाट सुटली. काकूने अख्खं खानदान अभ्यासाला जुंपलं. माझी आई, म्हणजे तिची थोरली जाऊ, झाली अँटॅगनिस्ट, म्हणजे दुसऱ्या औषधाची जागा अडवून बसणारं औषध. "वहिनी गॅससमोर उभ्या राहतात. स्वतः चहा टाकत नाहीत आणि दुसऱ्यालाही टाकू देत नाहीत. पण आम्ही चार-पाच जण एकदम आत घुसलो की सरकतात हं बाजूला. म्हणून कॉम्पिटिटिव्ह." काकांचा रुसवा हाफ-लाइफला. "ठरावीक वेळाने निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा. पण तो उतरायच्या आत दुसरं कारण दिलं की साठत जातो." आणि आजीचा सल्ला म्हणजे ज्याचा डोस फार जपून द्यायचा ते औषध. थोडा कमी पडला तर गुण नाही, किंचित जास्त झाला तर विषबाधा.

हे सगळं हळू आवाजात चालायचं. आजोबांना कमी ऐकू येतं, असा घरात सर्वांचा समज होता. तो समज आजोबांनी फार मेहनतीने जपलेला होता.

एका संध्याकाळी जेवायला बसताना आजोबांनी ताट पुढे सरकवलं. "मला नको. लिव्हरला जेवण कशाला? ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं खातं ना मधल्या मध्ये!"

काकूने घाईघाईने त्यांच्या ताटात भात वाढला.

"आणि कमळीला सांग," आजोबा काही थांबेनात. माझ्या आईला ते लाडाने कमळी म्हणत. "तू अँटॅगनिस्ट आहेस, बरं का. स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही."

आई भाजी वाढता वाढता थबकली. "म्हणजे काय?"

"जागा अडवणारी!"

 आजीला आपलं 'विषबाधा' प्रकरण कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. आजपासून मी कोणाला सल्लाच देणार नाही." त्यावर काका हळूच "अरे वा" म्हणाले आणि आजीचा सल्ल्याचा उपास तिथेच सुटला. पुढचा पाऊण तास काकांना मिळाले तेवढे सल्ले कोणत्याही डॉक्टरने एका रोग्याला दिले नसतील.

दुसऱ्या दिवशी काकू चहाचा कप घेऊन आजोबांसमोर उभी राहिली. "बाबा, चुकलं माझं. पण लिव्हर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही म्हणून राग आला. अंगात तोंडावाटे जे काही येतं, ते आधी लिव्हरपुढे हजर होतं. विष असलं तर ते तिथेच मोडतं. लिव्हर थकलं तर बाकीच्यांचा काही निभाव नाही."

आजोबांनी चहाचा घोट घेतला. "हृदयापेक्षा मोठं?"

"वजनाने तर कितीतरी."

आजोबांचा चेहरा जरा सैल झाला. "मग असं नीट सांगावं. उगाच बिस्किटं काय!"

त्या दिवसापासून ते पेपर बाजूला ठेवून उजळणीला टेबलापाशीच बसू लागले. त्यांना सगळ्यांत आवडली किडनी. "नको ते बाहेर काढते आणि कामाचं ठेवते. शिस्तीची बाई आहे," असं ते म्हणायचे. आईचा राग मात्र इतक्यात गेला नाही. ती मुद्दाम गॅसपासून लांब उभी राहायची आणि "करा बाई तुम्हीच" म्हणायची, त्यामुळे चहाला फारच उशीर होऊ लागला. शेवटी काकूच म्हणाली, "वहिनी, या हो परत. तुमच्या आड येण्याशिवाय या घरात चहा होत नाही." आई हसली आणि पुन्हा आडवी आली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आजोबा हट्टाने काकूबरोबर कॉलेजात गेले. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर काठी घेऊन बसले. आत बाहेरून आलेले परीक्षक, चेहरा असा की एरंडेलाची बाटली उघडी पडलीय. काकूच्या आधीचा मुलगा ओठ चावत बाहेर आला.

"फर्स्ट पास मेटॅबोलिझम," परीक्षक म्हणाले.

काकूच्या डोक्यातून व्याख्या पळाली. सबंध पुस्तक पळालं. समोर दिसेना काही, दिसला फक्त डबा.

"सर... समजा, बिस्किटांचा डबा आहे."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. काकूला थांबताच येईना. दार, आजोबा, झाकण, अर्धा डबा, सगळं तिने सांगून टाकलं.

"मग या लिव्हरला चुकवायचं असेल तर?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून द्यायचा, सर. जिभेखाली गोळी ठेवतात तसं. आणि मुलांच्या कॉलेजच्या फाटकावर त्यांच्या हातातच दिला तर शिरेतून दिल्यासारखं. सगळाच्या सगळा पोचतो."

"हं. आणि गुदमार्गे?"

 "ते मागचं दार, सर. तिथून बराचसा वाचतो. पण बाबा कधीकधी तिथेही येऊन उभे असतात. म्हणून पूर्ण भरवसा नाही."

परीक्षकांचे खांदे हलू लागले. आवाज काही नाही, नुसतेच खांदे. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "बाई, हे गृहस्थ खरंच आहेत?"

"बाहेर बसलेत, सर."

परीक्षक उठून दारापर्यंत गेले. बाकावर आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"आपणच लिव्हर का?"

"हो," आजोबा ताठ झाले. "आपण?"

"मी परीक्षक."

आजोबांनी आत्ताच बाहेर पडलेल्या त्या ओठ चावणाऱ्या मुलाकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे. "म्हणजे किडनी. बसा."

आणि परीक्षक खरंच दोन मिनिटं त्यांच्याशेजारी बसले. काय बोलले ते आजोबांनी कोणाला सांगितलं नाही. म्हणाले, "अवयवांचं आपसातलं असतं."

काकू फार्माकॉलॉजीत वर्गात दुसरी आली. चष्मेवाली पहिली. औषधं तयार करण्याच्या प्रॅक्टिकलला मात्र काकूचं इमल्शन फाटलं. तेल वर, पाणी खाली, घरच्या आमटीसारखं. तिथे ती काठावर सुटली, पण सुटली.

औषधवाल्यांनी शब्द पाळला. आपण तो दिला होता हे त्यांना आठवतच नव्हतं, तरीही. पहिल्या दिवशी पांढरा कोट चढवून काकू काउंटरमागे उभी राहिली. एक गृहस्थ गोळ्यांचं पाकीट घेऊन निघाले होते. काकूने त्यांना थांबवलं.

"कधी घ्यायची?"

"जेवल्यावर."

"चुकलं. जेवणाआधी अर्धा तास. परत सांगा."

त्यांनी सांगितलं. मागे रांग वाढली होती. मालक गल्ल्यावरून खुणा करत होते, लवकर, लवकर. काकूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आणि एखादी चुकली, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या?"

गृहस्थांनी घाबरून रांगेकडे पाहिलं. रांगेतून एका बाईंनी मान आडवी हलवून त्यांना खूण केली.

"नाही," ते म्हणाले.

"शाब्बास," काकू म्हणाली. "पण रांगेतून कोणी उत्तर सांगायचं नाही. पुढे कोण?"