उतारावर न धरणारा ब्रेक

कुंभिवलीच्या गंगारामदादांनी मला वाचवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मशीनचं बोलायला लागलो की माझ्याकडून माणूस मागे राहतो.

लढाईची वर्षं. खालापूरच्या बाजूला लष्करी सामानाचा डेपो होता, तिथे मी मेकॅनिक होतो. शाळा चौथीतच सुटलेली, घर लांब वऱ्हाडात. नोकरी गेली तर कोणत्या तोंडाने परत जायचं, हा घोर रोजचा. गंगारामदादा तिथे हमाल. दुपारी तांदळाची भाकरी माझ्यापुढे सरकवत म्हणायचे, "खा रं वऱ्हाडी, ज्वारीची आठवण काढून पोट भरायचं नाय." ती भाकरी अजून आठवते.

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. आमचा बॅटरीवरचा फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दांड्यांवर खोकी उचलणारी गाडी, लोडिंगच्या उतारावरून घसरली आणि उभ्या लॉरीवर आदळली. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला.

फोरमनसाहेब धावत आले. "ब्रेक कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, साहेब."

"उद्या दुपारपर्यंत धरला पाहिजे. नाहीतर वऱ्हाडची गाडी पकड."

या गाडीचा ब्रेक मोटारीच्या उलटा. पाय दाबला की सुटतो, पाय उचलला की स्प्रिंगच्या जोराने लागतो. म्हणून आधी स्प्रिंग पाहिली. शाबूत होती. मग ब्रेकचा रॉड दोन आटे आवळला. गाडी तरी पुरुषभर पुढे जाऊनच थांबे. आणखी आवळला. आता ब्रेक नीट सुटेना, मोटर तापली, आणि उतारावर घसरणं होतं तसंच. पुढचा उपाय मला ठाऊक नव्हता.

गंगारामदादा खोकी टाकून माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"मिस्त्री, त्या भोकात तेल घालायचं नसतं काय रं?"

त्यांचं बोट ब्रेकच्या ड्रमवरच्या भोकाकडे होतं. आतलं अस्तर किती झिजलं, हे बघायला ते ठेवलेलं असतं.

"कोणी घातलं?"

"मीच. खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली, तवा हिला बी हळदकुंकू लावलं. बैलगाडीच्या आसाला वंगण देतो, तसं हिला बी द्यावं म्हटलं. वाटीभर गोडं तेल वतलं. आमाला काय म्हाईत, चाक हाय तितं तेल!"

मी ड्रम उघडला. अस्तर लावलेल्या ब्रेकच्या दोन्ही पट्ट्या तेलाने न्हालेल्या. अस्तर ड्रमला घासतं म्हणून गाडी थांबते. तेलावर ते घासणार कसं? पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, वाळवल्या, मग तापल्या पत्र्यावर ठेवून मुरलेलं तेल धुरावाटे काढलं. कानशीने खरखरीत केल्या. रॉड पुन्हा मूळ खुणेवर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेलं खोकं घेऊन उतारावर पाय उचलला. गाडी जागच्या जागी थांबली.

फोरमनसाहेबांनी दोनदा करून पाहिलं. मग म्हणाले, "आत तेल गेलंच कसं? वंगण बघणं तुझं काम."

नाव घेतलं तर दादा जाणार, नाही घेतलं तर मी. मी खाली मान घालून उभा राहिलो.

"त्याला नका बोलू, सायेब," दादा मागून म्हणाले. "मीच वतलं. पूजेचं."

"पूजेचं? वर काय कळवू मी? ते घातपात म्हणतील!"

"मग कळवा, गंगाराम येडा हाय. आमची बायको रोज म्हणती."

हमाल हसले. साहेबही हसले. पण त्याच संध्याकाळी दादांना गेटबाहेर काढलं. मी मागे धावलो, तर म्हणाले, "जा रं कामाला. माजं भात कापणीला आलंय. तू कुटं जाशील?"

मी तिथे डेपो बंद होईपर्यंत टिकलो. त्या कामाच्या जोरावरच आज वऱ्हाडात कापसाच्या जिनिंग कारखान्यात मिस्त्री आहे. ब्रेक बिघडला की नट आवळण्याआधी विचारावं, शेवटचा हात कोणाचा लागला होता. मी आधी पाना उचलला, त्यात दिवस घालवला.

त्या सकाळी मी गप्प का राहिलो, ते दादांना कधी सांगितलं नाही. एकदा कुंभिवलीला जाणार आहे. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या घरच्यांसमोर सांगणार आहे की त्या दिवशी गेटबाहेर जायचा होतो तो मी. आणि कारखान्यात माणूस घ्यायचा झाला, तर पहिला निरोप त्या घरी धाडीन.