पॅनेलवरच्या कुरडया

माझ्या धाकट्या जावेचा मी हेवा केला, आणि तो थोडाथोडका नाही. ती लग्न होऊन आली तेव्हाच डिप्लोमा करून चिखलीत नोकरीला होती. शाळा-दवाखान्यांच्या छतांवरच्या सोलरवर ऑफिसात बसून नजर ठेवायची. मी बारावी सायन्स. तोवर आमच्या घरात लाइटबिलापासून रिचार्जपर्यंत सगळं सासरे मला विचारत.

वर्षभरात तिनं त्यांना पटवून गच्चीवर आठ पॅनेल बसवून घेतली. ती गच्ची माझी होती. कुरडया, पापड, मिरच्या, सगळं वाळवण मी तिथं घालायचे. आता टाकीशेजारी चटईएवढी जागा उरली आणि घरात नवे शब्द शिरले. इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा. डेटा लॉगर म्हणजे किती वीज बनली ते मोबाइलवर पाठवणारी डबी. सासरे हे शब्द पारावर ऐकवायचे आणि वर सांगायचे, धाकटीनं शिकवलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी तिला काही विचारलं नाही. मेले असते तरी विचारलं नसतं. ती सासऱ्यांना समजावायची तेव्हा मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि नंतर पापडाचं प्रमाण लिहिलेल्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवायचे. स्ट्रिंग: एकाला एक जोडलेली पॅनेलची ओळ, एकावर सावली आली की सगळी ओळ मंदावते. ऑफलाइन: लॉगरचं सिग्नल गेलं, वीज बनत असते, पण मोबाइलवरची रेघ तुटते.

स्ट्रिंगचा अर्थ लिहिला त्याच उन्हाळ्यात मी तो वापरला. भर दुपारी वर कोणी येत नसे. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. कुरडया घातलेली जुनी साडी मी उचलली आणि कडेच्या पॅनेलवर पसरली. कोणी विचारलंच तर सांगणार होते की जागा पुरत नाही आणि काच चांगली तापते. खरं म्हणजे मला तिचं सोलर सासऱ्यांपुढे नापास झालेलं पाहायचं होतं. चार दिवस मी बाराला साडी घातली आणि तीनला काढली.

चौथ्या संध्याकाळी सासरे मोबाइल घेऊन ओट्यावर बसले होते. ती एसटीतून उतरून आली, अजून पाणीही प्यायली नव्हती, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "एवढं ऊन आहे, तरी लाइट कमी काऊन बनून राह्यली वं बाई?" मी दारात तांदूळ निवडत होते. मनातून मला गुदगुल्या होत होत्या.

तिनं मोबाइल घेतला. वाकून पाहिल्यावर रेघ मलाही दिसली: सकाळभर चढलेली, बाराला धपकन खाली, तीनला पुन्हा वर. तिची नजर माझ्या हातांवर आली. नखांत कुरडयांचा चीक वाळलेला होता. मग ती म्हणाली, "काही नाही बाबा, लॉगर ऑफलाइन गेला असन. मी पाहते उद्या."

सासऱ्यांना ते पटलं. पण लॉगर गेला असता तर रेघ मधेच तुटली असती, अशी खाली येऊन वर गेली नसती. ती खोटं बोलली हे ओळखणारी घरात मी एकटीच होते, आणि ती खोटं बोलली होती माझ्यासाठी. त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता.

स्वयंपाकाला लागल्यावर तिनं हळूच विचारलं, "ताई, एकच पॅनल झाकलं तं सारी लाइन पडते, हे तुमाले कसं समजलं?"

मी वही काढून तिच्यापुढे आपटली. तिनं मागची पानं शेवटपर्यंत वाचली. तिनं हसावं म्हणून मी वाट पाहत होते, म्हणजे भांडता आलं असतं. ती हसली नाही. माझा मोबाइल मागून तिनं त्यात ते ॲप टाकलं आणि म्हणाली, "आता बाबाले तुमीच सांगत जा."

तेव्हापासून सासरे मला विचारतात. परवा वीज कमी दिसली तेव्हाही विचारलं. मी सांगितलं की इन्व्हर्टर ठीक आहे, पॅनेलवर धूळ बसली आहे, धुवावी लागतील. त्यांनी मान डोलावली आणि ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी धाकटी आली, तिनं मोबाइल पाहिला आणि म्हणाली, ताई बरोबर सांगतात. तेव्हा कुठं त्यांनी मला नळी घेऊन वर जायला सांगितलं.