रबर लावलेली बाटली

चैत्रात दारचा कडुनिंब फुलला की माझे डोळे खाजायला लागतात. डॉक्टरांनी थेंबांच्या दोन बाटल्या दिल्यात. आधी ॲलर्जीची, मग दहा मिनिटं थांबून डोळे ओले ठेवणारी. शिवाय डोळे चोळायचे नाहीत. मला स्वतःला थेंब घालता येत नाहीत, पापणी मिटतेच. म्हणून हे घालतात. बाटल्या दिसायला सारख्याच, तेव्हा यांनीच पहिल्या दिवशी आधी घालायच्या बाटलीला रबर गुंडाळलं.

आज सकाळी मी मान मागे टाकून बसले, तर हे म्हणाले, "अगं, या बाटलीला रबर कुणी लावलं?"

"तुम्हीच."

ते हसले. थेंब घातला. मी डोळे मिटून घेतले. जरा वेळाने पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच नवलाने.

मला काही कळेना. हे कधीपासून चाललंय? माझं सगळं लक्ष माझ्या डोळ्यांकडे होतं, आणि तरी मला दिसलं नाही? मिटल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"थेंब वाया गेला बघ," म्हणत त्यांनी ते रुमालाने टिपलं. मी डोळे चोळू नयेत म्हणून माझे दोन्ही हात धरून ठेवले. "दहा मिनिटं झाली की सांग."

मी बराच वेळ सांगितलं नाही.