पाण्याची फळी

संध्याकाळी आत्याने फळी टाकली. सकाळी टाक्यांतले मासे मेलेले होते.

ही गोष्ट आत्या स्वतःच सांगायची, नव्या माणसाला तर ओळखीआधीच. कुल्लूच्या पलीकडच्या एका दरीतला हा तिचा पहिला हिवाळा होता. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, फौजेतून निवृत्त झाले होते. गावी परत न येता त्यांनी तिथे ट्राउट माशांच्या टाक्या चालवायला घेतल्या. ट्राउटला बर्फाचं वितळलेलं, सतत वाहतं पाणी लागतं. ओढ्याचं पाणी पाटाने टाक्यांत येई आणि दुसऱ्या तोंडाने पुन्हा ओढ्याला मिळे. पाटाच्या तोंडाशी लाकडाची एक फळी होती. ती खाली टाकली की पाणी बंद.

आत्या अमडापूरची. आमच्याकडे वाफा भरला की पाटाचं तोंड बांधायचं, हे लहान मूलही जाणतं. टाक्या काठोकाठ भरलेल्या, आणि पाणी मात्र वाहून चाललेलं. ते तिला पाहवेना. मामा बाजाराला गेले होते. तिने फळी टाकली आणि समाधानाने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी मामांनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "टाकं भरलं होतं. भरलं तं बंद केलं." मामाही आमच्याच भागातले, देऊळघाटचे, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. मेलेले मासे पुरून आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "हा वाफा नोहे. इथं पानी चालतंच राह्यलं पाह्यजे." त्यानंतर आत्याने त्या फळीला हात लावला नाही. टाक्या धुवायच्या दिवशी शेजारची बिमला फळी टाकायची. आत्या तेवढ्या वेळापुरती घरात जाऊन बसायची.

गावी आली की मात्र तिचे हात शिवशिवायचे. घरातला प्रत्येक नळ ती अशी पिळून बंद करी की नंतर कुणालाच उघडत नसे. माझी आई म्हणायची, "पहाडवाली आली, आता पक्कड शोधा." तिकडे पाणी मोकळं सोडता आणि इकडे थेंबाला जपता, हे कसं, असं आईने एकदा विचारलं. आत्या म्हणाली, "तिथलं पानी पुढं जाते. तुमचं मोरीत जाते."

गावातले लोक तिची चेष्टा करत. बर्फात मासे गोठत नाहीत का, असं चिखलीच्या बसमध्ये एकाने विचारलं, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "स्वेटर घालतो ना त्यायले." मी ग्रंथपाल. तिच्या कामाबद्दल पुस्तकांतून वाचून मी तिला काही विचारू लागले की ती माझं सगळं ऐकून घेई आणि मग म्हणे, "हे बरोबर हाये. आता बाही वर कर अन् हात घाल." हात घालायचा तो बर्फाच्या पाण्यात. माशाला धरण्याआधी आपला हात गार करायचा, हा तिचा नियम होता. माणसाच्या हाताची ऊब माशाला सोसत नाही. हिवाळ्यात मादीचं पोट हलकेच दाबून ती अंडी परातीत काढी, भिजवलेल्या ज्वारीएवढी, नारिंगी. त्यांवर नराचं बीज घालून कोंबडीच्या पिसाने ढवळी. हात भेगाळून गेलेले असत. त्यांना ती खोबरेल चोळी, तेही काम संपल्यावर, कारण तेलाचा हातसुद्धा माशाला चालत नाही.

अशाच एका हिवाळ्यात मामा गेले. छातीत दुखलं आणि गेले. माझे वडील आत्याचे थोरले भाऊ. ते तिला आणायला निघाले, तेव्हा आईने घरातली एक खोली झाडून ठेवली होती. मूलबाळ नाही, भाषा परकी, एकटी बाई तिथे काय करणार, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. वडील पोचले तेव्हा आत्या अंड्यांच्या ट्रेपुढे बसली होती. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते रोजच्या रोज चिमट्याने उचललं नाही तर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांना धरते. ट्रे संपेपर्यंत तिने वडिलांना बसवून ठेवलं. मग त्यांनी चल म्हटलं, तेव्हा तिने एक ट्रे त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक नारिंगी दाण्यात दोन काळे ठिपके होते.

"अंड्यायत डोये दिसून राह्यले, दादा. आता कुठी येऊ मी?"

वडील एकटेच परत आले. आईने विचारलं तर म्हणाले, "थे येत नाही. कामात हाये." त्या दिवसापासून ते बहिणीबद्दल वेगळ्या आवाजात बोलू लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना हिमालयाचा धडा आला की तिचं नाव घेतल्याशिवाय तो पुरा होत नसे.

मी तिला सर्वांत जवळून पाहिलं ते पुढच्या एका श्रावणात. सुट्टी घेऊन तिच्याकडे राहिले होते. सकाळी ओढ्याचा आवाज बदलला. वर कुठेतरी ढग फुटला होता, आणि पाणी गढूळ होत होत पार मातीच्या रंगाचं झालं. गाळ माशांच्या कल्ल्यांत बसला की मासे गुदमरतात. बिमला खालच्या वाटेने ओरडत येत होती, "दीदी, फट्टा गिराओ." आत्या फळीपाशीच उभी होती. फळी टाकली नाही तर गाळ मारणार, टाकली तर साचलेलं पाणी मारणार. तिचा हात फळीवर होता आणि हलत नव्हता. मग तिने फळी टाकली. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या हाताने.

त्यानंतर ती भराभर बोलू लागली. हिवाळ्यातल्या अंड्यांसाठी राखलेल्या माद्या आणि नर आम्ही जाळीने उचलून सर्वांत वरच्या टाकीत सोडले. बाकीच्या टाक्यांकडे तिने पाहिलंही नाही. दरीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. टाकीतलंच पाणी उपसायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो. माझे खांदे भरून आले आणि बादली खाली येऊ लागली.

"वरून टाक वं," आत्या म्हणाली. "खालून टाकलं तं हवा जात नाही."

मी बादली पुन्हा उचलली. ती शेजारी उभी राहून ओतत होती. काही वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माह्या आजीले लोक असंच वरून पानी टाकत."

पणजीला विहिरीला शिवायची मुभा नव्हती. ती काठापासून दूर घागर ठेवून उभी राही, आणि कुणी दया येऊन ओतलं तर वरून, अंतर राखून. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. आत्या त्या दिवशी बोलली आणि पुढची बादली भरून घेतली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाणी पडत होतं, खाली माद्या जिवंत होत्या.

संध्याकाळी ओढा निवळला. आत्याने फळी वर घेतली. खालच्या टाक्यांतले मासे गेले होते, वरच्या टाकीतले राहिले. त्या हिवाळ्यात त्यांचीच अंडी ट्रेमध्ये होती, आणि पुढे त्यांची पिल्लं दरीतल्या इतरांच्या टाक्यांतही गेली. तिकडे माझी ओळख अजून 'दीदी की भतीजी' अशीच आहे. ही ओळख सांगताना मला माझी पदवी कधी आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात आत्या गेली, थोड्या दिवसांच्या तापाने. आम्ही पोचलो तोवर दरीतल्या लोकांनी सगळं केलं होतं. वडील आता काठी घेऊन चालतात. त्यांनी तिच्या खोलीत मेणबत्ती लावली, आम्ही वंदना म्हटली. बिमला दिसत नव्हती. कुणीतरी तिला बोलवायला उठलं. ती आतल्या खोलीत ट्रेपुढे बसलेली होती, हातात चिमटा, डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत.

वडील म्हणाले, "बसू द्या तिले. कामात हाये."

टाक्या आता बिमला चालवते. मासे आहेत. फळी वर आहे आणि पाणी चालू आहे.