तळं निवळलं त्या दिवशी

सेनगावच्या पलीकडच्या तांड्यावर पारुबाईचं शेततळं आहे, आणि त्यातल्या रोहू-कटला माशांवर तिचा पोटच्या लेकरांइतका जीव. वैर होतं ते फक्त पाण्यातल्या हिरव्याशी, त्या बारीक शेवाळाशी. पावसाळा सरून ऊन तापलं की तळ्याला हिरवा रंग चढायचा आणि बाई बांधावर उभी राहून त्याला शिव्या घालायची. ऐकून घ्यायला ते बिचारं हिरवं तरी होतं; नवरा, वसराम, केव्हाच सटकलेला असायचा.

यंदा ऑक्टोबरात एका दुपारी वारा अगदी पडला. खाद्य टाकायला आलेली पारुबाई घमेलं तसंच धरून बसली. पाण्यातले हिरवे कण एकमेकांना चिकटत होते. त्यांचे पुंजके झाले आणि पिंजलेल्या कापसासारखे ते सावकाश खाली निघाले, घाई नाही की आवाज नाही. उन्हाची तिरीप त्यांच्यामागोमाग खोल खोल जात होती. एकेकटा डोळ्यांना दिसणारही नाही असा जीव, आणि तो गर्दी करून तळाला निघालेला! संध्याकाळी तळ दिसू लागला, तेव्हा वसरामने आनंदाने नारळ फोडला.

सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं वासत होते.

पारुबाई फोनकडे धावली. वारंगा फाट्याच्या लालसिंगकडून तिने मत्स्यबीज आणलं होतं. त्यालाच फोन लावला.

"पाणी निवळलं का, मावशी? मंग तुमचं हिरवं मेलं," तो म्हणाला. "दिवसा माशायला हवा तेच देत व्हतं. आता तळाला सडून राहिलं अन् पाण्यातली हवा खाऊन राहिलं. मोटर लावा, पाणी उडवा!"

"लाईट न्हाई रे!"

"मंग हातानं उडवा!"

तांडा बादल्या-घागरी घेऊन धावला. काठावरून पाणी उपसायचं आणि उंचावरून पुन्हा तळ्यात सोडायचं. पारुबाईचे हात गळून गेले तरी ती थांबेना. ऊन वर आलं, लाईट आली, मोटर सुरू झाली. काही मासे गेलेच. बाकीचे हळूहळू खाली उतरले.

पुढे कितीतरी दिवस नितळ पाणी बघितलं की ती बादली हाताशी ओढून घ्यायची. मग एका दुपारी काठाशी पुसटशी हिरवी झाक दिसली.

"अवो, या लवकर!" ती ओरडली.

वसराम पळत आला. त्याला पाण्यात काहीच दिसेना. पारुबाईने डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या पाण्याला हात जोडले.

"राहा, माय," ती म्हणाली. "लेकरं तुह्याच भरवशावर हायत."